रबरी हाताचा प्रयोग फसतोय? या चुका टाळा

खरा हात पुठ्ठ्याच्या आडोशामागे, डोळ्यांसमोर रबरी हात आणि दोन्हींवर एकाच वेळी फिरणारे ब्रश. थोड्या वेळाने रबरी हातच आपला असल्याचा भास होतो. बॉटव्हिनिक आणि कोहेन यांनी 1998 मध्ये मांडलेला हा प्रयोग विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात हमखास गर्दी खेचतो, पण मांडणी जरा चुकली की समोरचा म्हणतो, "छे, मला काहीच होत नाही."

हात कुठे आहे हे मेंदू डोळ्यांनाही विचारतो आणि स्नायू-सांध्यांनाही. दोघांच्या सांगण्यात थोडाच फरक असेल तर तो मधला मार्ग काढतो. फार असेल तर रबराला परकं ठरवतो.

सगळ्यात जास्त घोळ ब्रशांत होतो. दोन मुलांच्या हाती एकेक ब्रश दिला की ताल सुटतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या फरकानेही भास फिका पडतो. दोन्ही ब्रश एकानेच धरावेत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून एकाच नंबरचे मऊ ब्रश आणा. बोट तेच, दिशा तीच, पण ठेका मुद्दाम अनियमित ठेवा आणि निदान दोन मिनिटं चालू द्या. खऱ्या हाताचं एक बोट जरी हललं, तरी सांध्यांकडून ताजी खबर जाते आणि खेळ संपतो.

खऱ्या आणि रबरी हातांत 15 ते 20 सेंमी अंतर पुरे. 30 सेंमीच्या पुढे भास ओसरतो. डाव्या हातासाठी रबरी हात म्हणून डावाच हातमोजा घ्या, बोटं खऱ्या हाताच्याच दिशेला. भांडी घासायच्या मोज्यात कापूस ठासून भरला की बोटं वांग्यासारखी फुगतात, बेतानेच भरा. मनगटाचं तुटकं टोक दिसू नये म्हणून खांद्यापासून तिथपर्यंत पंचा टाका. रंग जुळवत बसू नका, कातडीचा रंग वेगळा असला तरी चालतं.

"तुझाच वाटतोय ना?" असं विचारलं की उत्तर आपणच भरवतो. त्यापेक्षा मोजा. डोळे मिटून, उजवा हात टेबलाखालून सरकवत डाव्या तर्जनीची जागा दाखवायला सांगा, प्रयोगाआधी एकदा आणि नंतर एकदा. खूण रबरी हाताकडे किती सेंमी सरकली ते पट्टीने बघा, पण डावी-उजवीकडेच. पुढे-मागे सांध्यांचा अंदाज डोळ्यांपेक्षा पक्का असतो, त्यामुळे तिथे फारसं हाती लागत नाही. मग दोन ब्रश मुद्दाम वेगवेगळ्या वेळी फिरवून तीच मोजणी पुन्हा करा. तुलनेला हे नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

शेवटी हातोडी आपटायचा मोह आवरा. माणूस दचकून खरा हात ओढतो आणि आडोसा अंगावर येतो. काहींना हा भास होतच नाही. अशा वेळी मांडणी न मोडता पुढच्याला बसवा.