गिअरबॉक्सच्या केसचे आटे गेलेत? हेलिकॉइल टाका, पण भोक सरळ पाडा

गिअरबॉक्सची केस अॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचा, त्यामुळे जास्त आवळलं की हरतं ते अॅल्युमिनियमच. पाना एकदम हलका लागतो, बोल्ट नुसता फिरत राहतो आणि बाहेर काढला की त्याच्या आट्यांत चकचकीत तार गुंडाळलेली दिसते, ती तार म्हणजेच तुमच्या केसचे आटे. बहुतेक वेळा कारण एकच, हवेच्या गनने आवळलेलं असतं, नाहीतर बोल्ट हाताने न लावता वाकडाच घुसवलेला असतो.

आता टेफ्लॉन टेप गुंडाळून बघ, एम-सील भर, असले सल्ले देणारे भरपूर भेटतील. कव्हरच्या बारक्या स्क्रूला एकवेळ ठीक आहे, पण माउंटिंगच्या किंवा केस जोडणाऱ्या बोल्टला अजिबात नको, तिथे व्हायब्रेशन आणि गरम-गार सतत चालू असतं. एक साइज मोठा बोल्ट टाकायचा तर समोरच्या ब्रॅकेटचं भोकही वाढवावं लागतं आणि भोकाभोवतीची भिंत आधीच पातळ असते. म्हणून हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी कॉइल: भोक थोडं मोठं करून, त्यात आटे पाडून ती आत बसवायची, मग तिच्या आतल्या आट्यांत जुन्याच साइजचा बोल्ट बसतो.

हेलिकॉइलचं किट घ्यायच्या आधी भोकात तार घालून खोली मोजा. कधीकधी वरचेच आटे गेलेले असतात आणि खाली चांगले शिल्लक असतात, मग थोडा लांब बोल्ट टाकून काम होतं, फक्त तो तळाला टेकता कामा नये. आणि भोकाभोवती बारीक तडा दिसला तर थांबा, ते काम आर्गन वेल्डिंगवाल्याचं.

किट बोल्टच्या साइजचं आणि पिचचंच (दोन आट्यांमधल्या अंतराचं) पाहिजे. एम८ ला, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टला, सहसा १.२५ मिमी पिच असते, पण एम१० मध्ये गडबड होते, जपानी गाड्यांत बऱ्याचदा १.२५ आणि युरोपियनमध्ये १.५, म्हणून पिच गेज लावून बघाच. एम८ च्या हेलिकॉइलसाठी ड्रिल लागतं साधारण ८.३ ते ८.४ मिमी, किटमध्ये जे आलंय तेच वापरा. आटे पाडायचा टॅपही किटमधलाच, घरातला साधा एम८ टॅप चालत नाही, कारण कॉइल बसायला आटे मोठ्या व्यासाचे पाडावे लागतात. कॉइलची लांबी बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी घ्या, म्हणजे एम८ ला १२ मिमी, अर्थात भोक तेवढं खोल असेल तर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

खरी कसोटी ड्रिलिंगची. गिअरबॉक्स खाली उतरवलेला असेल तर सरळ ड्रिल प्रेसवर धरा. गाडीवरच करायचं असेल तर दोन बाजूंनी गुण्या लावून बघायला कोणीतरी सोबत घ्या, एकट्याला एकच बाजू दिसते आणि दुसऱ्या बाजूला ड्रिल कललेलं कळत नाही. ब्रॅकेट जाड असेल तर तो जागेवर बाकीच्या बोल्टने पक्का करून त्याच्याच भोकातून ड्रिल घातलं तरी चांगला आधार मिळतो. स्पीड कमी ठेवा आणि ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकाचा तळ फुटला तर ऑइल गळायला लागेल.

भोक आरपार गिअरबॉक्सच्या आत जात असेल तर केस उघडूनच काम करा, आत गेलेला कीस बेअरिंगची वाट लावतो. आंधळं भोक असेल तर ड्रिल आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. सारखं बाहेर काढून पुसा. आजूबाजूला काही उघडं असेल तर हवा मारू नका, व्हॅक्यूमने ओढा.

टॅप करताना थोडं रॉकेल सोडा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पहिले दोन आटे पडले की परत गुण्या लावा, तिथवरच काय ते सुधारता येतं. मग भोक स्वच्छ करून कॉइल किटमधल्या ड्रायव्हरवर चढवा आणि खाली न दाबता फिरवा, ती स्वतःच आत जाते, वरच्या पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली गेली की थांबा. कॉइलच्या तळाची आडवी शेपटी पंच मारून तोडायची, आणि तो तुकडा शोधून काढायचाच. स्टेनलेसचा असल्यामुळे मॅग्नेटला धड चिकटत नाही, म्हणून आरपार भोकात पंच न मारता टोकदार पक्कडीत पकडूनच तोडा.

बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मगच टॉर्क रेंच. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या.

ड्रेन प्लगचे आटे गेले असतील तर मात्र मी हेलिकॉइल टाकणार नाही, कॉइलच्या मागच्या खाचेतून ऑइल झिरपू शकतं. तिथे लेथवाल्याकडून कॉलरवाला भरीव बुश करून लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावून बसवा आणि वॉशर नवीन टाका. आणि हो, ऑइल सोडायच्या आधी वरचा फिलर प्लग उघडतोय ना ते बघून घ्या, तो जाम निघाला तर गाडी ऑइलशिवाय तिथेच अडकेल.