मडगार्ड घासतंय? वाकवण्याआधी या चुका टाळा

मडगार्ड टायरला घासायला लागलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सायकल स्टँडला लावायची, आवाज येतो तिथे मडगार्ड हाताने धरायचं आणि जोर लावून विरुद्ध बाजूला वाकवायचं. आवाज थांबतो. चार दिवसांनी पुन्हा सुरू होतो, मग आणखी जोर. गेली कित्येक वर्षं मी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या सायकलींना मडगार्ड बसवतोय. माझ्याकडे येणारी बरीचशी बिघडलेली मडगार्डं या एका हिसक्यानेच बिघडलेली असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चाक न बघता मडगार्ड वाकवणं

मडगार्ड सरळ आहे की नाही हे आपण टायरकडे बघून ठरवतो. चाकच तिरकं बसलं असेल, तर अगदी सरळ मडगार्डही वाकडं दिसणार. त्यामुळे मडगार्डला हात लावण्याआधी चाक तपासायचं, यात माझ्याकडे सवलत नाही.

सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर सरळ उभी करा. पुढच्या चाकाचे नट किंवा क्विक रिलीज (हाताने उघडायची खिट्टी) सैल करा, हँडलवर वरून वजन टाका आणि तसंच दाबून ठेवून पुन्हा आवळा. चाक चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणाऱ्या भागाच्या, खाचेत पूर्ण बसलं नव्हतं, हे निम्म्या वेळा इथेच कळतं. मागच्या चाकाची खाच आडवी असेल तर आणखी जपा. जोरात पॅडल मारल्यावर चेन आसाचं उजवं टोक पुढे ओढते. मग चाकाची पुढची कड फ्रेमच्या डाव्या नळीकडे जाते आणि मागची उजवीकडे. मडगार्ड मात्र जागचं हललेलं नसतं.

आता चाक हळू फिरवा आणि कान द्या. दर फेरीला एकदाच आवाज येत असेल तर चाकाला आऊट आहे (म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलते) किंवा टायर रिमवर नीट बसलेला नाही. आधी आऊट काढून घ्या. संपूर्ण फेरीभर सलग घासत असेल, तरच मडगार्डवर संशय घ्यायचा. तेही लगेच नाही, अजून एक तपासणी बाकी आहे.

ती तपासणी मला एका मित्राच्या सायकलने शिकवली. त्याचं पुढचं मडगार्ड डावीकडे घासायचं. महिनाभर तो पक्कड घेऊन सळ्या, म्हणजे मडगार्डला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बारीक दांड्या, वाकवत होता. सायकल माझ्याकडे आली तेव्हा प्लॅस्टिकवर घडीची पांढरी रेघ उमटली होती आणि सळ्यांना नागमोडी वळणं आली होती. चाक फिरवलं तर आऊट अजिबात नाही, एकदम गुळगुळीत. म्हणून चाक काढलं आणि उलटं करून बसवलं, म्हणजे डावी बाजू उजवीकडे. त्याबरोबर कमी असलेली फट दुसऱ्या बाजूला गेली! रिम हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मधोमध नव्हतीच, चार मिलिमीटर एका बाजूला होती. मध्यंतरी काही स्पोक बदलले होते, तेव्हा आऊट काढला होता पण रिम मध्यावर आणली नव्हती. ब्रेकचे रबरही एकाच बाजूने जास्त झिजले होते, तिकडेही कुणी पाहिलं नव्हतं. रिम मध्यावर आणल्यावर ते महिनाभर वाकवलेलं मडगार्ड उजवीकडे घासायला लागलं. घडी पडलेलं प्लॅस्टिक पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे शेवटी मडगार्डच बदलावं लागलं.

रिम ब्रेकच्या (रबर रिमवर दाबणाऱ्या) सायकलवर पुढचं चाक असं उलटून बघायला दोन मिनिटं लागतात. फट चाकाबरोबर सरकली तर दोष चाकात. जागेवरच राहिली तर चिमटा किंवा मडगार्ड. डिस्क ब्रेक असेल तर चाक उलटं बसत नाही. तिथे टायरपासून चिमट्याच्या दोन्ही पायांपर्यंतचं अंतर मोजून घ्या.

बोल्टने ओढून जागेवर आणणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त बोलणार. माझ्या सायकलला ॲल्युमिनियमचं मागचं मडगार्ड बसवत होतो. सीटखाली दोन नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी असते, तिथे मडगार्ड आणि पट्टी यांच्यात आठेक मिलिमीटर फट राहिली. मी लांब बोल्ट घेतला आणि आवळत आवळत मडगार्ड पट्टीला भिडवलं. दिसायला सुंदर झालं. पुढे काही महिन्यांनी एका पावसाळी सकाळी मागून टिक टिक आवाज यायला लागला. उतरून पाहिलं तर बोल्टच्या भोकापासून मडगार्डच्या कडेपर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती. बोटाने दाबलं की चिरेतून चिखलाचं पाणी यायचं.

धातू असा ताणलेला राहिला की रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या ताणावर बसतो आणि भोकाची कड सगळ्यात आधी दमते. प्लॅस्टिक लगेच चिरत नाही, पण त्याचा आकार बदलतो. एका ठिकाणी खेचलं की दुसरीकडे फुगतं, आणि आपण तो फुगवटा वाकवायला जातो.

आता माझा नियम असा की कुठलाही बोल्ट नसताना मडगार्ड जिथे राहू पाहतं, तिथेच त्याला धरायचं. उरलेली फट वायसर रचून किंवा नळीचा छोटा तुकडा घालून भरायची. धातूच्या मडगार्डखाली मी चामड्याचा किंवा रबराचा वायसरही घालतो. सगळं बसवून झाल्यावर एकेक बोल्ट सैल करून बघा. बोल्ट सुटताच मडगार्ड उडी मारून सरकलं, तर तिथे ताण राहिला आहे. सरकलं नाही, तर तो परत आवळा आणि पुढच्याकडे जा. घाईतल्या लोकांना ही पायरी फुकटची वाटते. ज्यांनी ती केली, त्यांची मडगार्डं माझ्याकडे परत आलेली मला आठवत नाहीत.

सळ्या आधीच आवळणं आणि आधीच कापणं

पहिली सळी कचकचून आवळली की बाकीच्या सगळ्या तिच्या चुकीशी जुळवून घ्यायला लागतात. मी आधी सगळे बोल्ट हाताने फिरतील इतकेच लावतो. टायरमध्ये हवा पूर्ण भरतो, कारण हवा कमी असताना साधलेली फट खोटी असते. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बारा मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या तीन ठिकाणी सरकवतो. आधी फ्रेमचे आणि चिमट्याचे बोल्ट, मग सळ्या, तेही डावी-उजवी आलटूनपालटून थोडं थोडं. शेवटी सायकलच्या मागे जमिनीवर बसून, डोळा टायरच्या उंचीला आणून बघायचं. उभं राहून बघितलं तर फसायला होतं.

मडगार्ड बाजूला करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा, जिकडची सळी आखूड केली तिकडे मडगार्ड ओढलं जातं. सळीत एकदोन मिलिमीटरचा फरक केला तरी मडगार्ड त्याहून जास्त सरकतं, म्हणून एका वेळी एकच बाजू आणि थोडीच.

सळ्यांची वाढीव टोकं मी आठवडाभर सायकल चालवल्याशिवाय कापत नाही. कापलेली सळी लांब करता येत नाही. कापल्यावर टोक कानशीने घासा आणि रबरी टोपी घाला, नाहीतर पोटरीला ओरखडा ठरलेला.

सुटणाऱ्या क्लिपा तारेने बांधणं

हे बघितलं की मला खरोखर राग येतो. पुढच्या मडगार्डच्या सळ्यांना कधीकधी दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. त्या सुटण्यासाठीच बनवलेल्या असतात. टायर आणि मडगार्डमध्ये काटकी अडकली की चाक ती वर ओढतं, मडगार्ड दुमडतं आणि पुढचं चाक जाम होऊन स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. क्लिप सुटली तर मडगार्ड सैल होतं, चाक फिरत राहतं. या क्लिपा तारेने किंवा केबल टायने बांधू नका, चिकटवू तर मुळीच नका. वारंवार सुटत असतील तर मडगार्ड ताणलेलं आहे किंवा क्लिप झिजली आहे. ताण काढा, क्लिप बदला.

बाकीच्या, थोडक्यात

टायरपेक्षा मडगार्ड किमान आठ-दहा मिलिमीटर रुंद हवं. ३२ मिलिमीटरच्या टायरला मी ४२ च्या मडगार्डखाली जात नाही. फट चार-पाच मिलिमीटरच ठेवली तर दिसतं छान, पण खडे आणि चिखल तिथेच अडकतात.

डिस्क ब्रेकच्या आड सळी येत असेल तर ती जागेवरच पकडीने वाकवू नका. लांब बोल्ट आणि मध्ये नळीचा तुकडा घालून सळी बाहेर आणा. वाकवायचीच असेल तर काढून, शिकंज्यात धरून वाकवा.

मागच्या उजव्या सळीचा बोल्ट आतल्या बाजूला जास्त बाहेर आलेला नको. गियर सर्वांत लहान चक्रीवर टाकून पॅडल फिरवा, चेन बोल्टाच्या टोकाला लागते का ते बघा.

नट सैल होत असतील तर आणखी आवळणं हा उपाय नाही, त्याने आटे जातात. आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा किंवा आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब टाका, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा तपासा.

हँडल वळवून पायाचा अंगठा पुढच्या मडगार्डला लागतो का ते बसल्या जागी बघा, चालत्या सायकलवर नाही.

मागच्या मडगार्डला धरून सायकल उचलू नका.

आणि टायर बदलला तर फोमच्या पट्ट्या पुन्हा घालून फट साधा. एकाच मापाचे दोन टायर प्रत्यक्षात एकदोन मिलिमीटरने कमीजास्त निघतात, आणि जुन्या टायरवर साधलेली फट नव्यावर तेवढीच राहील याची खात्री नसते.