कोरड्या डोळ्यांत ॲलर्जीचे थेंब: प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री औषध कसं लिहून घ्यायचं

ॲलर्जीचे थेंब सुरू केले, खाज थांबली, पण चुरचुर वाढली. डोळे आधीच कोरडे असतील तर असं बऱ्याचदा होतं. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, डोळ्याला सोसत नाही; बहुतेकदा ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते साबणासारखं अश्रूंचा पातळ थर फोडतं आणि कॉर्नियावरच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या) पेशी दुखावतं. अश्रू मुळातच कमी असले की ते लवकर धुऊनही जात नाही.

अर्थात, दिवसाला एकच थेंब आणि तोही दोन आठवडे, एवढंच असेल तर याची फार धास्ती नको. मोजायचे ते दिवसभरातले प्रिझर्व्हेटिव्ह असलेले सगळे थेंब: ॲलर्जीचे दोन, ल्युब्रिकंटचे (कृत्रिम अश्रूंचे) सहा, काचबिंदू असेल तर त्याचेही. बेरीज चारच्या वर गेली किंवा औषध महिनोन्‌महिने चालणार असेल, तर डॉक्टरांकडे हा विषय काढाच.

जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या. लेबलवर बारीक अक्षरांत ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ अशी ओळ असते, तिच्याखाली खूण करून ठेवा. तपासणीआधी दोनेक तास थेंब घालू नका. नुसतं ‘डोळे त्रास देतात’ म्हणू नका: खाज किती, खडा गेल्यासारखं खुपणं किती, सकाळी जास्त की संध्याकाळी, हे वेगवेगळं सांगा. खाज ठळक असेल तर ॲलर्जीचा संशय येतो, जळजळ आणि खुपणं असेल तर कोरडेपणाचा. दोन्ही एकत्रही असतात. फ्लुरोसीनचा रंग घालून निळ्या प्रकाशात कॉर्निया पाहिला आणि पापणी उलटून तपासली की चित्र बरंच स्पष्ट होतं. सर्दीसाठी सेटिरिझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी डोळे आणखी कोरडे पडतात.

चिठ्ठीवर औषधाचं नाव, टक्केवारी, वेळा आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ हे शब्द स्पष्ट हवेत. फक्त ब्रँडचं नाव असेल तर दुकानदार नेहमीचीच बाटली काढून देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन ही ॲलर्जीच्या थेंबांतली औषधं प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री मिळतात का, हे डॉक्टरांसमोरच विचारा. तुमच्या गावात मिळत नसेल तर दुसरा रस्ता सुचवा: दिवसातून दोनदा घालायच्या ०.१ टक्के ओलोपॅटाडीनऐवजी एकदाच घालायचं ०.२ टक्के चालेल का? आणि ल्युब्रिकंट तरी पूर्णपणे प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री करता येईल का? एवढ्यानेही डोळ्यात जाणारं बेन्झाल्कोनियम बरंच घटतं. थंड पाण्याची घडी आणि फ्रिजमधलं गार ल्युब्रिकंट खाजेला उतार देतात, शिवाय धूळ-परागकणही धुऊन निघतात.

दुकानात दोन ठिकाणी फसायला होतं. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स किंवा सोडियम परबोरेट ही दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह असलेली बाटली ‘डोळ्यांना सौम्य’ म्हणून दिली जाते. ती बेन्झाल्कोनियमपेक्षा बरी खरी, पण प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री नव्हे. दुसरा धोका मोठा: ‘लगेच आराम पडेल’ म्हणून दिले जाणारे स्टिरॉइडचे थेंब. लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन, डेक्सामेथासोन ही नावं दिसली तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाटली उघडू नका. डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री औषध दोन प्रकारे येतं. छोट्या प्लास्टिक कुप्या एका वेळेपुरत्या असतात. तोडली, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले की उरलेलं औषध टाकून द्यायचं. महाग वाटतं म्हणून लोक तीच कुपी रात्रीपर्यंत पुरवतात, पण जंतूंना अडवणारं तिच्यात काहीच नसतं. दुसरा प्रकार जंतूंना आत येऊ न देणारी झडप असलेल्या बाटलीचा. ती दाबायला जड असते, म्हणून सांधेदुखी असलेल्यांनी घेण्याआधी दाबून पाहण्यासाठी नमुना मागावा. उघडल्यावर किती दिवस चालते, ते खोक्यावर वाचा.

एका वेळी एकच थेंब घाला, जास्तीचा गालावरच येतो. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दोन औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या; आधी पातळ, मग जेल, मलम सगळ्यात शेवटी.

डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर थेंब बदलत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.