ब्लॅक कलाकारांच्या स्ट्रगलवरचं नाटक बघताना प्रेक्षकांचं हसणं कसं ऐकायचं

ब्लॅक कलाकारांच्या धडपडीवरची जी अमेरिकन नाटकं आहेत ना, म्हणजे ॲलिस चिल्ड्रेस यांचं 'ट्रबल इन माइंड' किंवा ऑगस्ट विल्सन यांचं 'मा रेनीज ब्लॅक बॉटम', ती बघायला जाताना एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. तिथे तुम्ही तिकीट काढून बसलेले असता आणि नाटकही बऱ्याच अंशी तिकीट काढणाऱ्यांबद्दलच असतं. स्टेजवरच्या त्या नटीला, गायिकेला, ट्रम्पेटवाल्याला जे काही गिळावं लागतं ते सगळं "लोकांना हेच आवडतं, हेच खपतं" या एका कारणापायी, आणि ते लोक म्हणजे आपण, प्रेक्षक. त्यामुळे कोण कुठे हसलं, कोण अचानक गप्प झालं, कोणी मोठ्याने दाद दिली आणि कोणी वळून त्याच्याकडे डोळे वटारले, हे सगळं नाटकाचाच भाग धरायचं. नाटकावर लिहायचं असेल किंवा नुसतं मित्रमैत्रिणींना सांगायचं असेल तरी हे टिपता आलं पाहिजे, आणि ते जमतं, थोडी सवय लागते एवढंच.

जाण्याआधी फार अभ्यास करू नका, पण नाटक कुठून आलं तेवढं तरी माहीत करून घ्या. 'ट्रबल इन माइंड' 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच म्यूज थिएटरमध्ये झालं, म्हणजे ऑफ-ब्रॉडवे, ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या बाहेरचं छोटं थिएटर. गोष्ट अशी की विलेटा मेयर नावाची अनुभवी ब्लॅक नटी ब्रॉडवेच्या एका नाटकाच्या तालमीला येते, ते नाटक लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने ब्लॅक माणसाला ठार मारण्याच्या, विरोधात आहे, लिहिणारा गोरा, दिग्दर्शक गोरा, आणि त्यात आई झालेल्या विलेटाने आपल्या पोराला स्वतःहून जमावाच्या तोंडी द्यायचं असं लिहिलेलं. ती म्हणते कुठलीही आई असं करणार नाही, आणि तिथून ठिणगी पडते. आता गंमत नाही, अगदी खरी घडलेली गोष्ट सांगते, हेच नाटक 1957 मध्ये ब्रॉडवेवर जायचं होतं, पण निर्मात्यांना बदल हवे होते, शेवट गोड हवा होता, चिल्ड्रेस शेवटी नाही म्हणाल्या आणि नाटक गेलंच नाही. ते ब्रॉडवेवर आलं थेट नोव्हेंबर 2021 मध्ये, लाशांझ ही अभिनेत्री विलेटाच्या भूमिकेत, आणि चिल्ड्रेस तर 1994 मध्येच गेल्या होत्या. मधल्या काळात 1959 साली लोरेन हॅन्सबेरी यांचं 'अ रेझिन इन द सन' आलं आणि ब्रॉडवेवर नाटक झालेल्या पहिल्या ब्लॅक लेखिका त्या ठरल्या, जो मान दोन वर्षं आधी चिल्ड्रेस यांना मिळू शकला असता. हे माहीत असलं की शेवटी मनात येणारं "थोडा पॉझिटिव्ह शेवट हवा होता" हे वाक्य तुम्ही तोंडातून काढायच्या आधी थांबता, कारण त्याच वाक्याने या बाईंचं ब्रॉडवे अडवलं होतं.

आता हॉलमध्ये. सुरुवातीचं हसू नीट ऐका, सगळ्यात जास्त तेच सांगून जातं. 'ट्रबल इन माइंड'च्या सुरुवातीलाच विलेटा एका नवख्या ब्लॅक पोराला, जॉनला, शिकवणी देते की या गोऱ्या लोकांसमोर कसं वागायचं. ते काहीही बोलले तरी हसायचं, त्यांना बरं वाटतं. अनुभव विचारला तर 'पोर्गी अँड बेस' या ब्लॅक पात्रांच्या प्रसिद्ध ऑपेराच्या मागच्या प्रयोगात होतो म्हणून ठोकून द्यायचं. सीन विनोदी आहे, हॉल हसणारच, आणि हसलंच पाहिजे. पण त्या क्षणी काय चाललंय बघा, एक बाई सांगतेय की आमचं हसणं हा आमच्या नोकरीचा भाग आहे आणि आपण त्यावर हसतोय. ज्यांनी ऑफिसात, सेटवर, कुठेही असं पोटासाठी हसून दाखवलंय त्यांचं हसू वेगळं निघतं, पटकन येतं, ओळखीचं असतं, वाक्य पुरं व्हायच्या आत येतं. बाकीच्यांचं जरा मागून येतं, पंच कळल्यावर. मिक्स प्रेक्षक असले तर ही दोन हसणी स्पष्ट ऐकू येतात. कान तिकडे ठेवा. मात्र मान वळवून लोकांचे चेहरे, त्यातही ब्लॅक प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळत बसू नका, ती माणसं नाटक बघायला आलीयत, तुम्हाला रिॲक्शन द्यायला नाही.

मग पुढे तालमीत दिग्दर्शक, मॅनर्स त्याचं नाव, मुद्दाम कागद जमिनीवर टाकतो आणि विलेटाला उचलायला सांगतो. ती नकार देते, सफाईवाला असेल की इथे कुठेतरी, असं म्हणते. तो परत सांगतो. आणि मग म्हणतो की हा तर अभिनयाचा धडा होता, तुझा खरा राग बाहेर काढायचा होता. इथे हॉलमध्ये काय होतं हे माझ्या मते अख्ख्या संध्याकाळीतली महत्त्वाची नोंद आहे, सुटकेचं हसू येतं का, की कोणाला ते अजिबात पटत नाही आणि शांतताच राहते. तुम्ही स्वतः त्या खुलाशाने सुटलात का हेही बघा, सुटला असाल तर तसं लिहा, सरळ लिहा.

शेल्डन या म्हाताऱ्या नटाचंही तसंच. तो सगळ्यांना सांभाळून घेणारा, भांडण नको म्हणणारा, लोक त्याला हसतात. आणि दुसऱ्या अंकात विषय निघतो की इथल्या कोणी लिंचिंग प्रत्यक्ष बघितलंय का, तर हाच हो म्हणतो, लहानपणी बघितलेलं, आणि सांगायला लागतो. लिंचिंगवरचं नाटक बसवणाऱ्या त्या खोलीत ज्याने ते खरंच बघितलंय असा फक्त हा एकटा, आणि त्याला तोवर कोणी विचारलंही नव्हतं. आधीचं हसू इथे घशात अडकतं. या जागेची शांतता किती वेळ टिकते, कोणी खोकून, खुर्चीत हलून ती मोडतं का, हे लक्षात ठेवा.

'मा रेनी' मध्ये वेगळी तयारी लागते. हे नाटक ब्रॉडवेवर ऑक्टोबर 1984 मध्ये आलं, काळ 1927 चा, जागा शिकागोचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. खरी मा रेनी, ब्लूज गायिका, 1923 ते 1928 पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड करत होती, तेव्हा ब्लॅक श्रोत्यांसाठीच्या रेकॉर्डना 'रेस रेकॉर्ड' म्हणत आणि कलाकाराला बहुतेक वेळा एकदाच ठरावीक पैसे मिळायचे, रॉयल्टी वगैरे नाही. नाटकात मा उशिरा येते, कोका-कोला आल्याशिवाय गाणार नाही म्हणून अडून बसते, तोतरं बोलणारा तिचा भाचा सिल्व्हेस्टर, गाण्याची सुरुवात त्यानेच बोलायची असा हट्ट धरते. प्रेक्षक तिला नखरेल म्हणून हसतात. हसा, पण एक कागद विसरू नका, तिची रिलीज फॉर्मवरची, म्हणजे रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीला देणाऱ्या कागदावरची सही. सही होईपर्यंतच तिला किंमत आहे, त्यांना फक्त आपला आवाज हवाय हे तीच बोलून दाखवते, एकदा आवाज तबकडीवर चढला आणि सही झाली की संपलं. तेवढ्या दुपारीपुरता तो कोक हीच तिची सत्ता आहे. पहिल्या अंकात कोकवर हसलेला हॉल शेवटी सहीच्या वेळी कसा असतो याची तुलना करा, दोन ओळी लिहिल्यात तरी तुमचं लिखाण "जबरदस्त अभिनय" छाप लिखाणापेक्षा खूप पुढे जाईल.

आणि लेव्ही. तरुण ट्रम्पेटवाला, स्वतःचा बँड काढायचं स्वप्न, नवे बूट. तो स्टुडिओच्या गोऱ्या मालकाशी गोड हसून जी-जी करतो म्हणून बाकीचे वादक त्याची टर उडवतात, प्रेक्षकही त्यांच्यात सामील होतात, आणि मग लेव्ही सांगतो की आठ वर्षांचा असताना त्याच्या आईवर गोऱ्यांच्या टोळीने काय केलं, आणि त्याच्या बापाने त्यातल्याच एकाला हसतमुखाने जमीन विकली, गाव सोडल्यासारखं केलं आणि मग गुपचूप परत जाऊन सूड घेतला, जीव गेला त्यात. म्हणजे लेव्हीचं म्हणणं असं, गोऱ्यासमोर हसणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. यानंतर लगेच मध्यांतर. आता हे विलेटाच्या शिकवणीशेजारी ठेवून बघा, दोन वेगळे लेखक, जवळजवळ तीस वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे हसू हे हत्यार पण आहे आणि ओझं पण. म्हणून मी परत परत हसण्यावरच येतेय. या मध्यांतरात फोन काढायच्या आधी पाच मिनिटं लोक काय बोलतायत ते ऐका, विषय बदलतायत की त्याच खोलीत अडकलेत. शेवटी लेव्हीची गाणी मालक पाच-पाच डॉलरला विकत घेतो, आणि लेव्हीचा राग निघतो तो बँडमधल्या पियानोवाल्या टोलेडोवर, त्याने लेव्हीच्या बुटावर पाय दिला म्हणून, मालकावर नाही. तिथे "अरे वेडा आहे का हा" असं कोणी पुटपुटलं तर ती पण प्रतिक्रियाच आहे, लिहून ठेवा, पण मग पाच डॉलरचा हिशोबही शेजारी लिहा.

आवाजाबद्दल थोडं, कारण यावरून खरंच भांडणं होतात. ब्लॅक चर्चमध्ये प्रवचन चालू असताना लोक मधूनच प्रतिसाद देतात, न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीतल्या अपोलो थिएटरमध्ये 1934 पासून ॲमॅच्युअर नाइटला, म्हणजे हौशी कलाकारांच्या स्पर्धेला, प्रेक्षक नाही आवडलं तर हुर्यो करून स्टेजवरून घालवतात, आणि त्याच वर्षी त्याच स्टेजवर पुढे मोठी जॅझ गायिका झालेली एला फिट्झजेराल्ड जिंकली होती. ही सवय घेऊन कोणी थिएटरात आलं आणि "हो ना!", "सांग त्याला!" म्हणालं तर त्याला मॅनर्स नाहीत असं समजू नका, आपल्याकडे संगीत नाटकात वन्स मोअर घेताना कोणाला संकोच वाटला नव्हता. नाटककार डोमिनिक मोरिसो यांनी 2015 मध्ये 'अमेरिकन थिएटर' मासिकात एका प्रयोगात शेजारच्या प्रेक्षकाशी झालेल्या खटक्यावर लिहिलं, आणि पुढे 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला त्यांचं 'पाइपलाइन' हे नाटक झालं तेव्हा प्रोग्रामसोबत प्रेक्षकांसाठी एक पत्रक दिलं, की मोठ्याने हसा, मनापासून प्रतिसाद द्या, चालतं. असं पत्रक मिळालं तर आधी वाचा. नसलं मिळालं तरी कोणाला शूऽऽ करायच्या आधी बघा की नटांची लय मोडतेय की उलट त्यांना बळ मिळतंय, चांगला नट अशा दादेसाठी क्षणभर थांबतो, लगेच कळतं. फोनवर बोलणाऱ्याला मात्र खुशाल गप्प करा.

तुम्ही कुठल्या प्रयोगाला गेलात हेही सांगा. जेरेमी ओ. हॅरिस यांच्या 'स्लेव्ह प्ले' या नाटकाच्या वेळी 18 सप्टेंबर 2019 ला ब्रॉडवेच्या गोल्डन थिएटरमध्ये 804 च्या 804 जागा ब्लॅक प्रेक्षकांसाठी ठेवल्या होत्या, ब्लॅक आउट नाइट म्हणतात तिला, 2024 मध्ये लंडनला तसंच केलं तेव्हा पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत वाद गेला. मला त्यात काही वावगं वाटत नाही, एका रात्री तरी बाजूचा कसा बघेल याचा विचार न करता हसता यावं ही साधी इच्छा आहे. पण तेच नाटक दोन रात्री दोन वेगळ्या हॉलमध्ये वेगळं होतं, म्हणून तुमच्या नोंदीत तारीख, शो मॅटिनीचा की रात्रीचा, आणि हॉल साधारण कोणाचा होता हे हवंच.

प्रयोगानंतर टॉकबॅक, म्हणजे नटांशी प्रेक्षकांच्या गप्पा, असेल तर थांबा, पण ब्लॅक नटांना "तुमच्याबरोबर असं होतं का हो?" असं विचारू नका, ते दोन तास तेच दाखवून दमलेले असतात. कामाबद्दल विचारा, ती पॉज कशी सापडली, तालमीत कुठलं वाक्य अवघड गेलं. स्टँडिंग ओव्हेशनवरून काही निष्कर्ष काढू नका, ब्रॉडवेवर हल्ली जवळपास सगळ्यालाच उभं राहतात.

प्रयोग बघणं शक्यच नसेल तर 'मा रेनी'चा 2020 चा सिनेमा आहे, व्हायोला डेव्हिस आणि चॅडविक बोसमन, पण त्यात हॉल नाही, म्हणून एकट्याने बघू नका, चारपाच जण जमा आणि लेव्हीच्या त्या गोष्टीनंतर पॉज करून मध्यांतर करा, नाटकात आहे तिथेच. 'ट्रबल इन माइंड'ची संहिता मिळाली तर सुरुवातीचा शिकवणीचा सीन मोठ्याने वाचा. जॉनचं वाचणाऱ्याला सांगा की विलेटा सांगते तसं खरोखर हसून दाखव, आणि बाकीच्यांनी त्याला बघून हसायचं की नाही हे आधी अजिबात ठरवू नका.