आयेल्ट्स अकॅडमिक : रीडिंग आणि रायटिंगची तयारी कशी करावी

परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरलं की बरेच जण आधी शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतात आणि निबंधाचे तयार साचे शोधतात. त्यात महिने जातात आणि बँड, म्हणजे ० ते ९ मधला गुणांक, जागचा हलत नाही. उत्तराचा पुरावा उताऱ्यात शोधता येतो का, हे रीडिंगमध्ये बघतात. विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देता का, हे रायटिंगमध्ये. तयारी याच दोन गोष्टींची करा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनाही ती नक्की जमते.

सुरुवात विद्यापीठाच्या संकेतस्थळापासून करा. एकूण बँड किती हवा एवढंच पाहून थांबू नका, लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग या प्रत्येक भागात किमान किती हवा तेही टिपून ठेवा. एकूण ६.५ पण कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी चालणार नाही, अशा अटी सर्रास असतात आणि गाडी बहुधा रायटिंगमध्ये अडते. मग केंब्रिजच्या अधिकृत सराव प्रश्नपत्रिकांपैकी एक घ्या आणि घड्याळ लावून सोडवा. अकॅडमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ उत्तरं बरोबर आली तर ६ बँड मिळतो, ३० आली तर ७. आपण कुठे उभे आहोत ते पहिल्याच दिवशी कळतं.

रीडिंग

तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. कागदावर परीक्षा असेल तर उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायलाही याच तासातला वेळ लागतो. त्यामुळे एका उताऱ्यावर २० मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. आधी उतारा भरभर चाळा, कुठल्या परिच्छेदात काय आहे एवढं लक्षात घ्या आणि प्रश्नांकडे वळा.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हनच्या प्रश्नांत. समजा, उताऱ्यात असं लिहिलंय : १८६३ साली लंडनमध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली, गाड्या वाफेच्या इंजिनांवर चालत आणि बोगद्यांत धूर साचत असे. आता विधान आलं, ‘सुरुवातीला या गाड्या विजेवर चालत.’ उतारा याच्या थेट उलट सांगतो, म्हणून फॉल्स. दुसरं विधान, ‘धुरामुळे प्रवाशांनी तक्रारी केल्या.’ मन लगेच म्हणतं, केल्याच असणार! पण तक्रारींबद्दल उताऱ्यात अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. फॉल्स लिहायचं तर विधान खोडून काढणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. तशी ओळ नसेल, तर तुम्हाला त्या विषयाची कितीही माहिती असो, ती बाजूला ठेवायची. या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात क्रमाने येतात, त्यामुळे शोधाची जागा आपोआप आक्रसत जाते. परिच्छेदांना मथळे जुळवण्याच्या प्रश्नात मात्र हा क्रम नसतो.

शब्दसंग्रहासाठी एक वही करा. डाव्या बाजूला प्रश्नातले शब्द, उजव्या बाजूला त्याच अर्थाचे उताऱ्यातले शब्द. प्रत्येक सराव उताऱ्यानंतर ती भरा. प्रश्न तयार करणारे मुद्दाम शब्द बदलतात आणि ही अदलाबदल ओळखता येणं हीच रीडिंगची निम्मी लढाई आहे. सुटी यादी पाठ करून ते येत नाही.

दोनच शब्दांत उत्तर मागितलं असेल आणि तीन लिहिले, तर गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नका.

रायटिंग

इथेही ६० मिनिटंच. टास्क वनमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया देतात, त्यावर किमान १५० शब्द. टास्क टूमध्ये किमान २५० शब्दांचा निबंध. टास्क टूचं वजन दुप्पट असतं, म्हणून ४० मिनिटं त्याची आणि २० टास्क वनची.

टास्क वनमध्ये आकड्यांची जंत्री देऊ नका. तीन देशांतल्या इंटरनेट वापराचा आलेख असेल, तर आधी एकही आकडा न लिहिता सांगा, की वापर तिन्हीकडे वाढला आणि सुरुवातीला मागे असलेला देश शेवटी पुढे गेला. ही एक-दोन वाक्यं नसतील, तर बाकी मजकूर कितीही चांगला असला तरी बँड अडकतो. त्यानंतर निवडक आकडे देऊन तुलना करा. आपलं मत इथे नको. आणि लाख-कोटी लिहू नका, मिलियनमध्येच लिहा.

टास्क टूसाठी पहिली पाच मिनिटं फक्त विचाराला द्या. विद्यापीठाचं शिक्षण सर्वांना मोफत असावं का, असा प्रश्न आला, तर शिक्षणाचं महत्त्व सांगणारा पाठ केलेला निबंध उपयोगाचा नाही. परीक्षकांना तो ओळखता येतो. आपली भूमिका एका ओळीत ठरवा. उदाहरणार्थ, सरसकट फीमाफीपेक्षा गरजूंना शिष्यवृत्ती बरी. का? कारण लातूरहून पुण्याला आलेल्या मुलीची फी माफ झाली तरी खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च उरतोच. मुद्दा, त्याचं कारण, मग असं एखादं ठोस उदाहरण, एवढ्यात एक परिच्छेद होतो. असे दोन परिच्छेद, आधी प्रस्तावना आणि शेवटी निष्कर्ष पुरेत.

उत्तराची मांडणी, शब्दसंपदा, व्याकरण आणि प्रश्नाला दिलेला प्रतिसाद या चारही गोष्टींना सारखेच गुण असतात. त्यामुळे भारदस्त शब्द ओढूनताणून आणण्यात अर्थ नाही. मराठी भाषकांची व्याकरणातली नेहमीची चूक म्हणजे ए, ॲन, द गाळणं, कारण मराठीत ती सोयच नाही. दुसरी, इन्फॉर्मेशन आणि इक्विपमेंटला एस लावणं. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त या चुका शोधायला राखून ठेवा.

लिहिलेला निबंध जाणकाराकडून तपासून घ्या आणि दोन दिवसांनी तोच पुन्हा लिहा. रोज नवा विषय घेण्यापेक्षा याने जास्त सुधारणा होते, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग हे तिन्ही भाग जागेवरून न उठता सलग सोडवून बघा, कारण प्रत्यक्ष परीक्षेतही मधली सुट्टी नसते. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा तारीख प्रवेशाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या. संगणकावर परीक्षा दिली आणि एकाच भागात बँड कमी पडला, तर ६० दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आहे. पैसे भरण्याआधी आपलं विद्यापीठ असा निकाल स्वीकारतं का, ते त्यांना ईमेल करून विचारा.