अद्रकीचं विरजण आणि मे महिन्यातली बाटली

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं नोकरी केली. दिवसभर नमुने तपासायचे, यीस्टच्या, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, पेशी मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन लिंबू सरबत प्यायचं. पाहुणे हमखास विचारतात, "मग घरी करता की नाही?" नाही करत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा आंबवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यातच येते. इंग्लंडने १९६३ साली घरगुती बिअरचा परवाना काढून टाकला, अमेरिकेत १९७८ साली मोकळीक मिळाली. तिकडच्या हौशी लोकांचं बघून जीव जळतो, पण कायदा तो कायदा.

म्हणून मी जिंजर बिअरकडे, म्हणजेच अद्रकीकडे वळलो. पुण्या-मुंबईकडे 'आलं' म्हणतात, आमच्याकडे अद्रकच. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा सगळा अद्रकीचा पट्टा. मामाच्या शेतात अक्षय तृतीयेच्या आसपास बेणं लागतं आणि जानेवारीपासून काढणी सुरू होते. जिंजर बिअर नाव बिअरचं असलं तरी नीट केली तर ती फसफसणारं तिखट-गोड सरबतच असते. नीट म्हणजे कशी, तेच सांगतो.

आधी विरजण. इंग्रजीत त्याला 'जिंजर बग' म्हणतात, पण विरजण म्हटलं की आपल्या आयांना दोन मिनिटांत कळतं. काचेच्या बरणीत एक पेला पाणी घ्या, त्यात एक चमचा साखर आणि एक चमचा किसलेली अद्रक टाका. साल काढायची नाही. आपल्याला हवं ते यीस्ट सालीवरच असतं. बाजारातली धुऊन चकचकीत केलेली अद्रक माझ्याकडे दोनदा नुसती पडून राहिली, म्हणून मातीचा वास येणारी, गाठीला कोंब फुटू पाहणारी घ्या. तोंडाला सुती फडकं बांधा, नाहीतर चिलटं बरणीत आंघोळ करतात. रोज एक चमचा साखर, एक चमचा अद्रक आणि लाकडी चमच्याने एकदा ढवळणं. पुस्तकं पाच ते सात दिवस सांगतात, पण ती थंड देशांत लिहिलेली. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुसऱ्याच दिवशी बुडबुडे येतात आणि तिसऱ्या दिवशी वर फेस धरतो. वास तिखट-आंबट यायला हवा. काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर वाचवायच्या भानगडीत न पडता सगळं ओतून द्या.

पाण्यात क्लोरीन असेल तर यीस्ट मरगळतं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं. टाकीत इतके दिवस पडून क्लोरीन उडून गेलेलं असतं, आठवड्याच्या पाण्याचा मला दिसलेला एवढा एकच फायदा. रोज पाणी येणाऱ्यांनी ते उकळून रात्रभर उघडं ठेवावं. बोअरचं क्षाराचं पाणी मात्र नको, अद्रकीची चव बसकी होते.

आता मुख्य काम, चार लिटरचं. दीडशे ग्रॅम अद्रक सालीसकट किसा. दीड लिटर पाण्यात चारशे ग्रॅम साखर आणि हा कीस घालून पंधरा मिनिटं मंद उकळा. गाळून घ्या, चोथा बाजूला ठेवा (त्याचं नंतर सांगतो). उरलेलं पाणी ओतून चार लिटर करा, चार लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ टाका. साखरेऐवजी गूळही चालतो, पण रंग गढूळ येतो आणि आंबणं भलतंच जोरात होतं, त्यामुळे पहिल्या खेपेला साखरच बरी. दही लावताना दूध जितकं कोमट लागतं त्याहून थोडं थंड झालं की गाळलेलं विरजण एक वाटी मिसळायचं. गरम असताना घातलंत तर यीस्ट मरतं आणि तुम्ही तीन दिवस बाटलीकडे बघत बसता.

बाटल्या सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्याच घ्या. जाड बुडाच्या, गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतलेल्या. तेलाची बाटली कितीही धुतली तरी नको. मी एक-एक लिटरच्या तीन आणि बाकी छोट्या भरतो, वर दोन बोटं जागा सोडून.

काच का नाही? त्याचा हिशेब एकदा मांडतो. आपल्या मिश्रणात लिटरला शंभर ग्रॅम साखर आहे. यीस्टने त्यातली फक्त दहा ग्रॅम खाल्ली की साधारण पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चांगला फसफसाट यायला तेवढं पुरे, आणि अल्कोहोल साधारण अर्धा टक्का. उरलेली नव्वद ग्रॅम साखर म्हणजे बाटलीत भरलेला दारूगोळा. ती आंबत राहिली तर दहापट गॅस होतो, आणि तेवढा दाब कोणतीच बाटली सहन करत नाही.

हे मला पाठ होतं, तरी मी चुकलो. एका मे महिन्यात हौस म्हणून काचेच्या झाकणवाल्या दोन बाटल्या भरल्या, ओट्याखालच्या कपाटात ठेवल्या आणि लग्नाला पैठणला गेलो. रात्री उशिरा परतलो, विसरून झोपलो. अडीचच्या सुमाराला असा आवाज झाला की बायको आधी सिलेंडरकडे धावली. कपाटाचं दार बिजागरीवर लोंबकळत होतं. पापडाच्या डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणात बोटाएवढी काच उभी रुतली होती. दुसरी बाटली शाबूत होती, आणि ती मी पोतं गुंडाळून बादलीत कशी नेली ते आठवलं की अजून हात थरथरतात. आई कोपऱ्यातून म्हणाली, "ह्याच्यापरिस दारू पिली असती तर बरं झालं असतं."

प्लास्टिकची बाटली स्वतः बोलते. भरताना दाबून बघा, मऊ लागते. दर तीन-चार तासांनी अंगठा लावायचा. सोड्याच्या न उघडलेल्या बाटलीसारखी टणक झाली की त्याच क्षणी फ्रीजमध्ये टाका. उद्या बघू म्हणायचं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ ला टेकतो, तेव्हा मी सकाळी सात वाजता भरतो आणि कधीकधी रात्री नऊलाच बाटली दगड झालेली असते. डिसेंबरात तेच काम तीन-चार दिवस घेतं. तेव्हा बाटल्या डाळीच्या डब्यांशेजारी, चादरीत गुंडाळून ठेवतो. उन्हाळ्यात उलट, पाण्याच्या रांजणाला टेकवून ओलं पोतं टाकतो, म्हणजे आंबणं जरा सावकाश होतं आणि चव गोल येते. घाईत आंबलेल्यात एक कच्चा वास राहतो.

ज्याला अल्कोहोलचा आकडा हवा त्याने लॅक्टोमीटर घ्यावा, आपल्या दूध डेअरीवरचा, दुधाची घनता मोजायचा. मात्र त्यावर आकडे असलेला, नुसतं एम आणि डब्ल्यू लिहिलेला नको. विरजण घालण्याआधी तो ३६ ते ३८ दाखवतो, म्हणजे पाण्याच्या घनतेच्या १.०३६ ते १.०३८ पट. चार अंकांनी उतरला की अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलात, थांबा. नमुना एका छोट्या बाटलीतून घ्या आणि आधी दोन पेल्यांत वरखाली ओतून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे चिकटून लॅक्टोमीटर उगाच वर तरंगतो. रोजच्या कामाला मला अंगठाच पुरतो.

अर्धा टक्का म्हणजे शून्य नव्हे, हे पाजण्याआधी प्रत्येकाला सांगायचं. शेजारचे काका माळकरी आहेत. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बा, मला ते न आंबलेलंच दे." म्हणून विरजण घालण्याआधी एक तांब्या त्यांच्यासाठी बाजूला निघतो. लहान मुलांनाही तोच.

कॉलनीत आता आम्ही पाच घरं झालोत. बँकेतले एक, फार्मसी शिकवणाऱ्या मॅडम, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, मी, आणि जालन्याहून आलेला एक पोरगा, जो प्रत्येक गोष्टीत मोसंबी घालतो. विरजण मेलं की दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन जायचं, दह्यासारखंच. रविवारी संध्याकाळी गच्चीवर पाच बाटल्या उघडतो. बाटलीवर भरल्याची तारीख आणि वेळ चिकटपट्टीवर लिहिलेली नसेल तर ती उघडायची नाही, हा एसटीवाल्यांचा नियम. ते त्याला लॉगशीट म्हणतात. मॅडमनी एकदा सांगितलं की मार्शल वॉर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९२ साली जिंजर बिअरचं असंच एक विरजण तपासून त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात हे दाखवलं होतं. त्यावर ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "म्हंजे जॉइंट फॅमिली." मोसंबीच्या पोराची बाटली गेल्या महिन्यात सगळ्यांत चांगली झाली होती. त्याने लिंबं दोनच घालून एक पेला मोसंबीचा रस टाकला होता. तोंडावर सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला मीही घातला.

विरजण रोज लागणार नसेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याला एक चमचा साखर द्या. काढल्यावर एक दिवस बाहेर ठेवून खाऊ घाला, फेस आला की कामाला लावा.

बाटली उघडताना ती पूर्ण गार हवी. झाकण अर्धा आटा फिरवा, सूं आवाज होऊ द्या, थांबा, मग पुढचा आटा. भर दुपारी कोमट बाटली उघडणाऱ्याने छताला रंग द्यायची तयारी ठेवावी.

आणि तो चोथा. माझ्या आईला टाकलेलं बघवत नाही. ती तो मिक्सरमधून काढते, तेवढीच साखर घालून कढईत गोळा होईपर्यंत परतते आणि तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडते. अर्धी चव काढ्यात गेलेली असल्याने हा अद्रकपाक तिखट कमी लागतो, तेव्हा ती मूठभर ताजी अद्रक वरून किसते. गच्चीवरच्या रविवारी बाटल्यांआधी त्या वड्यांचं ताट रिकामं होतं.