दुसऱ्याच्या डिझाइनमधून नेमके काय घ्यावे

आवडलेली पोस्टर, लोगो, वेष्टणे आणि जाहिराती यांचे एक फोल्डर ग्राफिक डिझाइन करणाऱ्या बहुतेकांच्या संगणकावर असतेच. नवे काम आले की ते उघडायचे, तासभर चाळायचे आणि शेवटी त्यातला एखादा रंग किंवा एखादा फॉन्ट उचलायचा, एवढाच त्याचा उपयोग होतो. दोष संग्रहाचा नसतो. आपण त्या कामांचे केवळ रूप साठवलेले असते आणि ते रूप ज्या अडचणीवर तोडगा म्हणून घडले ती अडचण नोंदवायची राहून गेलेली असते. समकालीन डिझाइन, जाहिराती आणि एकूणच दृश्यसंस्कृती यांतून कामाला येईल अशी प्रेरणा हवी असेल, तर समोरचे काम म्हणजे कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची मालिका आहे, अशा नजरेने पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात एकाच कामापासून करावी आणि त्याला निदान अर्धा तास द्यावा. उदाहरणादाखल फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीची ‘थिंक स्मॉल’ ही जाहिरात घेऊ. डॉइल डेन बर्नबाक या न्यूयॉर्कच्या जाहिरातसंस्थेने ती १९५९ साली केली. कला-दिग्दर्शक होते हेल्मुट क्रोन आणि मजकूर ज्युलियन कोनिग यांचा. पानाचा वरचा मोठा भाग जवळजवळ रिकामा आहे आणि त्या रिकाम्या जागेत डावीकडे वरच्या बाजूला एक इवलीशी मोटार आहे. तिच्याखाली मधोमध दोन शब्दांचा मथळा, त्याच्या शेवटी पूर्णविराम, आणि त्याखाली तीन स्तंभांत बारीक अक्षरांतला मजकूर. वर चित्र, मग मथळा, मग तीन स्तंभ ही मांडणी त्या काळच्या मासिकांत अगदी नेहमीची होती, म्हणजे नवेपणा मांडणीत नव्हता. त्या वेळच्या अमेरिकन मोटारी लांबरुंद असत आणि जाहिरातींतील रंगीत चित्रांत त्या आणखी ताणून दाखवल्या जात. अशा बाजारात लहान आणि दिसायला साधारण मोटार विकायची होती, आणि करणाऱ्यांनी तिचा लहानपणा झाकण्याऐवजी चित्रात तो वाढवून दाखवला. गिऱ्हाईक जी शंका काढणारच आहे ती आपणच आधी उघडपणे मांडावी, हा या जाहिरातीतला खरा निर्णय आहे आणि तो आज संकेतस्थळाच्या पहिल्या पानालाही लागू करता येतो. ज्यांनी तिच्यातून फक्त ‘भरपूर पांढरी जागा’ एवढेच उचलले, त्यांच्या हाती बहुतेक वेळा नुसते रिकामे पान लागले.

असे पाहणे केवळ डोळ्यांनी होत नाही, त्यासाठी हात वापरावा लागतो. आवडलेल्या कामाची दोन-तीन इंच रुंदीची लहान प्रत कागदावर पेन्सिलीने काढावी. अक्षरे आणि तपशील वगळून फक्त गडद, मध्यम आणि फिकट असे ठोकळे मांडावेत. मूळ काम रंगीत असेल तर त्याची करडी प्रत काढून तिच्याशी हे ठोकळे पडताळावेत, म्हणजे लक्ष वेधण्याचे काम रंग करतो आहे की गडद-फिकटपणातला फरक, हे उघड होते. नंतर पट्टी घेऊन मथळ्याच्या अक्षराची उंची मजकुराच्या अक्षराच्या किती पट आहे, समास किती आहेत, वेगवेगळ्या घटकांच्या कडा कोणत्या अदृश्य रेषांवर येतात, हे मोजावे. मोजल्यावर बरेचदा आश्चर्य वाटते, कारण जे काम ‘धाडसी’ वाटत होते त्यात एकच फॉन्ट आणि त्याचे दोनच आकार निघतात. शेवटी एकेक घटक कागदाच्या तुकड्याने झाकून पाहावा. झाकल्यावरही काम तसेच उभे राहत असेल तर तो घटक शोभेचा होता. काम कोसळत असेल तर तोच त्याचा कणा होता. एवढे झाले की उलट दिशेने ब्रीफ, म्हणजे काम देताना ग्राहक देतो ती कामाची थोडक्यात माहिती, लिहावा: हे काम कोणासाठी होते, कुठे दिसणार होते, किती सेकंद पाहिले जाणार होते आणि पाहणाऱ्याने त्यानंतर काय करावे अशी अपेक्षा होती. हा ब्रीफ एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर ते काम आपल्याला आवडले आहे पण अजून कळलेले नाही, असे समजावे.

एकच युक्ती, दोन शहरे

रूप आणि कारण यांतला फरक जितका स्पष्ट दोन नकाशांच्या तुलनेत दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. लंडनच्या भुयारी रेल्वेचा आज सर्वपरिचित असलेला नकाशा हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ साली स्वतःहून तयार केला. तो आधी नाकारला गेला आणि १९३३ च्या जानेवारीत खिशात मावेल अशा रूपात प्रवाशांच्या हाती आला. बेकने सगळे मार्ग आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषांत बसवले, गजबजलेला मध्यभाग मोठा केला, दूरची स्थानके जवळ ओढली आणि जमिनीवरच्या खुणांपैकी फक्त थेम्स नदी ठेवली. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोणता मार्ग घ्यायचा आणि कुठे बदलायचा, एवढेच त्याला हवे असते. नकाशाची सगळी भूमिती या एका जाणिवेतून आलेली आहे.

मासिमो विन्येली या डिझायनरने १९७२ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी याच जातीचा नकाशा केला. तो देखणा होता, प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंगीत पट्टा होता, वळणे काटेकोर होती. तरीही प्रवाशांच्या तक्रारी झाल्या आणि १९७९ साली त्याच्या जागी भूगोलाशी अधिक इमान राखणारा नकाशा आला. प्रत्यक्षात लांबलचक असलेले सेंट्रल पार्क विन्येलींच्या नकाशात चौकोनी आणि करडे होते, पाणी फिकट तपकिरी होते. मॅनहॅटनचे रस्ते बव्हंशी क्रमांकांचे आणि काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाच्या डोक्यात शहराचा आराखडा आधीच पक्का असतो आणि नकाशा त्याच्याशी विसंगत निघाला की ते त्याला लगेच खटकते. लंडनच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांनी बेकला जी मोकळीक दिली, ती विन्येलींना न्यूयॉर्कने दिली नाही. गोष्ट इथे संपत नाही, कारण २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कने विन्येलींच्या वळणावर जाणारा नवा आराखडेवजा नकाशा पुन्हा अधिकृतपणे आणला. रस्त्यावरची दिशा दाखवण्याचे काम आता बव्हंशी फोन करतो, हे त्यामागचे एक कारण मानायला जागा आहे. एखादी शैली ‘चालते’ की नाही हा प्रश्नच अपुरा असतो. ती कोणत्या परिस्थितीत चालली, हे तपासल्याशिवाय ती उचलू नये.

कुठे पाहावे

बिहान्स आणि पिंटरेस्ट या डिझाइनची चित्रे पाहण्याच्या संकेतस्थळांचा उपयोग आहेच, पण त्यांची रचना अशी आहे की तुम्ही ज्यावर थांबता त्याच्यासारखेच आणखी पुढे येत राहते. परिणामी एकाच काळात काम करणारे हजारो लोक तेच रंगसंक्रमण आणि तीच जाड, गोलसर अक्षरे पाहत राहतात आणि मग सगळ्यांचे काम एकाच घरातले वाटू लागते. प्रतिमा बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी यात भर घातली आहे. अगोदर झालेल्या असंख्य कामांतून जुळणारे सरासरी उत्तर त्यांच्याकडून चटकन मिळते, आणि नेमकी तीच त्यांची मर्यादा आहे.

यावर उपाय म्हणून आवडीनुसार न लावलेले संग्रह पाहावेत. न्यूयॉर्कचे कूपर ह्युइट हे डिझाइनचे आणि मोमा हे आधुनिक कलेचे संग्रहालय, तसेच सॅन फ्रान्सिस्कोचे लेटरफॉर्म अर्काइव्ह हे अक्षरकलेचे संग्रहालय, यांचे संग्रह घरबसल्या पाहता येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३६ ते १९४३ या काळात सरकारी रोजगार योजनेखाली झालेली नऊशेहून अधिक पोस्टर आहेत. त्यांतली बरीच सिल्कस्क्रीनवर, म्हणजे जाळीतून रंग दाबून, मोजक्या सपाट रंगांत छापलेली असल्यामुळे, कमी साधनांत आकार कसे सोपे करावेत हे शिकण्यासाठी त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही. शोधताना शैलीचे नाव न टाकता साल किंवा विषय टाकावा, म्हणजे अपेक्षित नसलेले काही समोर येण्याची शक्यता वाढते.

जाहिरातींसाठी १९५४ पासून चालत आलेला कान लायन्स हा पुरस्कार-महोत्सव आणि १९६२ साली स्थापन झालेली डी अँड एडी ही पुरस्कार देणारी ब्रिटिश संस्था यांचे विजेते पाहण्याची प्रथा आहे. ते अवश्य पाहावेत, मात्र परीक्षकांसाठी केलेली चित्रफीत बाजूला ठेवून मूळ जाहिरात जशी लोकांसमोर आली तशी पाहावी. त्या चित्रफितींत संगीत, आकडे आणि निवेदन असे काही जुळवलेले असते की सामान्य कल्पनाही थोर वाटू लागते.

ज्यांना कोणी डिझाइन म्हणत नाही अशा गोष्टींकडे पाहणे तर मला सर्वांत लाभदायक वाटते. औषधाच्या खोक्यातले घडीचे पत्रक, विमानातला सुरक्षेचा तक्ता, हवामानाचा नकाशा, मोर्चातला हाताने रंगवलेला फलक, व्हिडिओ गेममधली शक्ती दाखवणारी पट्टी, या सर्वांनी कठीण अटी पाळलेल्या असतात. मीमचेच पाहा. पांढऱ्या अक्षरांना काळी किनार देण्याची त्यातली रूढ पद्धत ओबडधोबड दिसते खरी, परंतु मागचे छायाचित्र उजळ असो वा गडद, मजकूर कुठेही वाचता येतो. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा इम्पॅक्ट हा फॉन्ट जेफ्री ली यांनी १९६५ साली छापील मथळ्यांसाठी केला होता. चित्रपटाच्या उपशीर्षकांनाही हीच अडचण असते आणि त्यांचे उत्तरही बहुधा हेच असते.

अटी जितक्या कडक, तितके शिकण्यासारखे जास्त. शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानी मोबाइलसेवेसाठी केलेल्या १७६ इमोजींपैकी प्रत्येकाला १२ गुणिले १२ ठिपक्यांचीच जागा होती. २०१६ साली मोमाने तो संच आपल्या संग्रहात घेतला. त्याआधी कितीतरी वर्षे व्हिएन्नात ओटो नॉयराथ, मारी नॉयराथ आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्स यांनी आकडेवारी चिन्हांनी दाखवण्याच्या आयसोटाइप या पद्धतीत एक साधा नियम पाळला: संख्या वाढली तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह अधिक वेळा मांडायचे. दुप्पट संख्या दाखवण्यासाठी माणसाची आकृती दुप्पट उंच केली की तिची रुंदीही वाढते आणि ती चौपट जागा व्यापते, म्हणून वाचणारा फसतो. आजही अनेक वृत्तचित्रांत ही चूक सापडते, त्यामुळे आकडेवारीचे काम हाती असेल तेव्हा रंगांच्या आधी हा नियम आठवावा.

फसलेली कामेही साठवावीत. २००९ च्या आरंभी ट्रॉपिकाना या फळरसाच्या कंपनीने वेष्टणावरचे नळी खोचलेले संत्रे काढून तिथे रसाचा पेला आणला. ओळखीचे खोके ग्राहकांना सापडेना, विक्री घसरली आणि जुने वेष्टण काही आठवड्यांतच परत आणावे लागले. नव्या वेष्टणाची मांडणी नीटनेटकी होती, म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचे आहे.

साठवण आणि वापर

संग्रहातील फोल्डरांना ‘मिनिमल’, ‘रेट्रो’, ‘रंगीबेरंगी’ अशी नावे देऊ नयेत. ‘मजकूर फार, जागा थोडी’, ‘छायाचित्र वाईट पण वापरणे भाग’, ‘एकाच रंगात छपाई’, ‘कंटाळवाणा विषय’ अशी अडचणींची नावे द्यावीत. काम येते ते अडचणीच्या रूपात, त्यामुळे हवे ते उदाहरण या नावांखाली लगेच सापडते. प्रत्येक प्रतिमेसोबत करणाऱ्याचे नाव, साल, माध्यम, मूळ आकार आणि ती का ठेवली याचे एक वाक्य लिहावे. मूळ आकाराची नोंद विशेष महत्त्वाची, कारण पडद्यावर भिंतीएवढे होर्डिंग आणि पोस्टाचे तिकीट सारखेच दिसते.

रोमन लिपीतले काम पाहून देवनागरीत काम करणाऱ्याला आणखी एक पायरी घ्यावी लागते. आपल्याकडे मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे सगळा मथळा मोठ्या अक्षरांत ठेवून मिळणारी सलग पट्टी तशीच मिळत नाही. उलट शिरोरेषा प्रत्येक शब्दाला आपोआप वरून बांधून घेते. वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात, म्हणून रोमनमध्ये घट्ट बसलेल्या दोन ओळी देवनागरीत एकमेकींवर आदळतात. अक्षरांत मोकळे अंतर ठेवण्याची लकबही इथे चालत नाही, कारण तिने शिरोरेषाच तुटते. अशा वेळी मूळ कामाने साधलेला परिणाम कोणता होता ते ठरवून तो शिरोरेषेच्या जाडीतून, अक्षरांच्या वजनातून किंवा ओळी तोडण्याच्या जागेतून मिळवता येतो का, हे पाहावे.

उसने घेणे आणि चोरणे यांतली सीमा नेहमीच ठळक नसते. शेपर्ड फेअरी या अमेरिकन कलाकाराने २००८ साली केलेले ओबामांचे ‘होप’ पोस्टर असोसिएटेड प्रेसच्या एका छायाचित्रावर आधारलेले होते आणि त्यावरून झालेला दावा २०११ साली तडजोडीने मिटला. दुसऱ्याचे छायाचित्र, चित्र किंवा अक्षररेखन प्रत्यक्ष वापरायचे असेल तर परवानगी घ्यावी. शैली आणि युक्ती यांबाबत माझा नियम असा की उसनी घेतलेली गोष्ट दुसऱ्या क्षेत्रातली असावी: वेष्टणाचे काम असेल तर नकाशाकडून घ्यावे, पोस्टर असेल तर उपशीर्षकांकडून. एकाच प्रकारच्या दोन कामांत उसनवारी झाली की ती नक्कल ठरण्याची शक्यता फार.

प्रत्यक्ष रेखाटनाला बसताना संग्रह बंद करावा आणि फक्त लिहून ठेवलेली कारणे समोर ठेवावीत. चित्र समोर असेल तर हात त्याच्या मागे जातो. वाक्य समोर असेल तर त्याला आपले रूप शोधावेच लागते. ग्राहकाला मूडबोर्ड, म्हणजे कामाची दिशा सुचवणारा चित्रांचा फलक, दाखवायचा असेल, तर प्रत्येक चित्राखाली त्यातून काय घेणार आहोत आणि काय घेणार नाही, हे दोन ओळींत छापावे. अन्यथा ग्राहक त्यांतल्या एका चित्रावर बोट ठेवून ‘आम्हाला अगदी हेच हवे’ असे म्हणतो, आणि पुढची बैठक त्याला त्यापासून परत फिरवण्यातच जाते.